पालथा हात

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलाला नाही. बहिणीला तर नाहीच, तिला दुपारी सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत डोंबिवलीभर होते. तुम्हांला सांगतेय, का ते मलाही नीट कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोरासमोर बसून हे बोलायची वेळ आली असती तर मी उठून चहा टाकायला गेले असते, आणि चहा झाल्यावर दुसराच विषय काढला असता. इतकी वर्षं तेच तर केलंय.

सुरुवात पाळणाघरापासून करते. तिथे मला अजून बरं वाटतं.

दोन हजार सालच्या सुमाराला आम्ही गिरगाव सोडून भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात राहायला आलो. गिरगावात एका खोलीत सात माणसं. इथे हॉल, बेडरूम, किचन आणि माणसं तीन. मला घर खायला उठायचं. शेजारी गुजराती, समोर मारवाडी, वरच्या मजल्यावर केरळचे, सगळ्यांशी हिंदी बोलायचं आणि माझं हिंदी ऐकून दूधवाला तोंड फिरवून हसायचा. मंदार, माझा मुलगा, तेव्हा तीन वर्षांचा. एक दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, माझं बाळ सहापर्यंत सांभाळाल का? मग त्यांच्या ओळखीतल्या एकीने विचारलं. दोन वर्षांत पाच मुलं झाली. बोर्ड कधी लावला नाही, पण 'शुभाताईंकडे' म्हटलं की स्टेशनवरचा रिक्षावालाही बरोबर आमच्या गेटपाशी आणून सोडायचा.

माझे नियम कडक होते. चपला बाहेर. आल्यावर साबणाने हात. आणि त्याआधी, दारातच, कपाळ. प्रत्येक मुलाच्या कपाळाला मी उजव्या हाताची मागची बाजू लावायची. तळहात कामाने जाड झालेला असतो, त्याला ताप कळत नाही. पालथ्या हाताला कळतो. सासूबाईंनी शिकवलेलं. किंचित गरम लागलं तरी मूल आत घ्यायचं नाही, मग त्याची आई कितीही गयावया करू दे. बायका चिडायच्या, नवऱ्यांना फोन करायच्या, पण मनातून खूश असायच्या. शुभाताईंकडे मूल आजारी पडत नाही — हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं! आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडायचं.

दुपारचं जेवण म्हणजे आमचा सोहळा. मुलं गोल बसायची, मध्ये मी, मांडीसमोर एकच मोठं ताट. वरणभात, तूप, चिमूटभर मेतकूट. एक घास काऊचा, एक घास चिऊचा, एक घास खालच्या वॉचमनकाकांचा. एकच ताट, एकच हात. घरी ओठ घट्ट मिटून बसणारी मुलं माझ्याकडे चाटूनपुसून जेवायची, कारण शेजारच्याने तोंड उघडलं की आपलंही उघडतंच. आया विचारायच्या, ताई, वरणात तुम्ही घालता तरी काय?

आणि जेनू.

जेनू माझ्याकडे आली तेव्हा सात महिन्यांची होती. नाव जेनिस, पण आमच्या इमारतीत ती जेनूच. तिची आई सिल्विया मूळची उत्तनची, मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती घरातली. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. सिल्विया मागच्या बिल्डिंगमध्ये राहायची आणि अंधेरीच्या एका ऑफिसात जायची. जेनूचे केस ब्रशसारखे उभे. खाली दोन दात. आधी हसायची आणि मग कशाला हसायचं ते शोधायची. 'मावशी' म्हणता येईना, म्हणून मी 'माची'. मुलांच्या गोलात तिला बसायचं नसायचं, तिची जागा माझ्या मांडीवर. तिथून ती प्रत्येकाच्या घासाला तोंड उघडायची. दुसऱ्याचा असला तरी. हात ताटातून उचलला की इकडे हिचं तोंड तयार.

हे लक्षात ठेवा. ते तोंड.

आता मुद्द्यावर यायला हवं — पण त्याआधी मार्था आजी. त्यांना टाळून पुढे जाता येणार नाही.

मार्था आजी म्हणजे सिल्वियाची आई. दर शुक्रवारी उत्तनहून बसने यायच्या, पूल ओलांडून पूर्वेला, नातीला बघायला. गुडघ्याखाली येणारं लाल चौकड्यांचं लुगडं, कानांत जड सोनं, हातात पिशवी. पिशवीत माझ्यासाठी सुके बोंबील. आमच्या मजल्यावर त्याचा वास सुटला की समोरचं मारवाडी कुटुंब खिडक्या लावून घ्यायचं आणि आजींना त्याची फार गंमत वाटायची. त्यांना जुना खोकला होता, चुलीच्या धुरातला, पंचवीस-तीस वर्षांचा. जेनूला त्या उचलून घ्यायच्या नाहीत आधी. खाली बसायच्या, तिच्या पायांचे दोन्ही तळवे हातांत घ्यायच्या आणि आपल्या गालांवर दाबून धरायच्या. डोळे मिटून. जेनू पायांच्या बोटांनी त्यांच्या कानातलं ओढायची.

पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दारात एका मुलाचं कपाळ बघत होते. आजींनी ते पाहिलं, आणि स्वतःचं कपाळ पुढे केलं. "माजं पन बघ गो बाय. ताप हाय का?"

मीही गंभीर चेहऱ्याने हात लावला. म्हटलं, नाही, या आत. मुलं खदाखदा हसली. तेव्हापासून दर शुक्रवारी हा खेळ. आजी दारात उभ्या राहायच्या, कपाळ पुढे करायच्या, मी हात लावायची, पास.

झालं. आता सांगते.

डिसेंबरचा महिना होता. जेनू सव्वा वर्षाची झाली होती, मंदार सहा वर्षांचा. सोमवारी तो शाळेतून आला तो डोळे लाल करून. रात्री ताप. मंगळवारी घसा इतका दुखत होता की पाणी गिळताना रडत होता. माझ्या नियमाप्रमाणे काय करायला हवं होतं? घरात आजारी माणूस, म्हणजे पाळणाघर बंद. सगळ्या आयांना फोन. चार दिवसांचा प्रश्न होता.

मी केला नाही फोन. का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, सिल्वियाला नुकतंच ऑफिसात कायम केलंय, तिला रजा घ्यायला लावू कशी? बघा, किती चांगली बाई! खरं कारण वेगळं होतं. समोरच्या इमारतीत नवीन प्लेग्रुप उघडला होता. रंगीत बोर्ड, इंग्रजी गाणी, प्लास्टिकची घसरगुंडी. आणि मी सगळीकडे मिरवत होते की तीन वर्षांत माझं पाळणाघर एक दिवस बंद नाही, माझ्याकडे कोणी आजारी पडत नाही. मला ती टिमकी वाजवत राहायची होती. एवढंच कारण. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

मंदारला बेडरूममध्ये ठेवलं, दार लोटून घेतलं. सिल्वियाने विचारलं, मंदार दिसत नाही? मी म्हटलं, शाळेत गेलाय. दर वेळी आत जाऊन आले की हात धुवायची. मंगळवार निभावला. बुधवारी दुपारी मुलं गोल बसली, मी कालवायला लागले, आणि बेडरूमचं दार उघडून मंदार बाहेर आला. लाल डोळे, विस्कटलेले केस, अंगाला शाल. म्हणाला, मला पण तुझ्या हातचा घास.

सांगा, कुठली आई आत जा म्हणेल? — नाही, हा प्रश्न मागे घेते. आई म्हणून आत जा म्हणायला हवं होतं, आणि नंतर वेगळी वाटी घेऊन त्याच्याजवळ बसायला हवं होतं. मी त्याला गोलात बसवलं. पोर दोन दिवस धड जेवलं नव्हतं. पहिला घास त्याने अर्धा तोंडात घेतला, घशात टोचला असणार, तोंड वाकडं करून मान फिरवली. अर्धा घास माझ्या बोटांत राहिला. आणि मांडीवरचं ते तोंड उघडं होतं.

हात सवयीने गेला. आमच्या गिरगावच्या घरात कोणी कोणाचं उष्टं खाल्लं हे कधी मोजलंच नव्हतं. उरलेला घास टाकायचा नसतो, जवळच्या तोंडात घालायचा असतो. जेनूने तो खाल्ला, दात दाखवून हसली आणि परत तोंड उघडलं. मला त्याच क्षणी कळलं होतं. 'नंतर लक्षात आलं' असं मी म्हणू शकते, पण ते खरं नाही. कळलं, आणि मी पुढचा घास कालवला.

शुक्रवारी मंदार ठणठणीत. त्याच दिवशी आजी आल्या, कपाळ दाखवून पास झाल्या, आणि लेकीला, नातीला उत्तनला घेऊन गेल्या. तिथल्या चर्चचा सण होता. रविवारपर्यंत जेनू आजीच्या मांडीवर.

पुढच्या बुधवारी सकाळी सिल्विया दारात आली, मी जेनूच्या कपाळाला हात लावला आणि हाताला चटका बसला. मी काय म्हटलं असेन? म्हटलं, सिल्विया, आज नाही घेता येणार, नियम आहे. सिल्वियानेच माझी माफी मागितली. "सॉरी ताई, मला घरातच कळायला पाहिजे होतं," म्हणाली, आणि मुलीला खांद्यावर टाकून जिना उतरली.

दोन दिवसांनी जेनू इथल्या नर्सिंग होममध्ये, तिसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्समधून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. न्यूमोनिया. श्वासासाठी मशीन लावलं. तिचा बाप कुठल्यातरी बंदरात अडकलेला. सिल्विया काचेबाहेर बाकावर, आणि तिच्या शेजारी मी. पाळणाघर बंद ठेवलं, आता ठेवलं. काचेतून नळ्यांच्या गुंत्यात तिचे उभे केस तेवढे दिसायचे. मी देवाशी काय काय बोलले ते सांगत नाही. कबूल करेन असंही एकदा बोलले होते.

जेनू वाचली. महिन्याने घरी आली आणि मी देवाला दिलेला शब्द विसरले.

पण तिचा श्वास काही पूर्वीसारखा होईना. ताप गेला, न्यूमोनिया गेला, छातीचा फोटो साफ आहे म्हणाले, आणि तरी ती भराभर श्वास घेत राहिली. बरगड्यांखाली खड्डे पडायचे. माझ्या मांडीवर झोपली की छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. बालदमा असेल म्हणून औषधाचा पंप दिला, त्याचा काही उपयोग झाला नाही. सहा महिन्यांनी त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या, मुलांच्या छातीच्या डॉक्टरीणबाईंनी स्कॅन करायला लावला. निकाल ऐकायला सिल्वियाबरोबर मी गेले. तिला एकटीला जायची भीती वाटत होती.

बाई फार चांगल्या होत्या. घाई नाही, समजावून सांगण्याची हौस. स्कॅनवर फुफ्फुस कुठे काळं, कुठे करडं, ठिगळं लावल्यासारखं. त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला झाडाच्या बारीक फांद्यांसारख्या नळ्या काढल्या आणि म्हणाल्या, जंतू तर तेव्हाच गेला. दहा-पंधरा दिवसांत. पण त्याला मारायला रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी धावून आल्या, त्या थांबल्याच नाहीत. शरीराला वाटतंय शत्रू अजून आत आहे. त्या मारामारीत या सगळ्यात बारीक नळ्यांचं आतलं अस्तर सोलून निघालं, आणि जखम भरताना कातडी घट्ट होते तशी ती नळी आतून आकसली. काही अरुंद झाल्या, काही बुजल्या. पंपाने आवळलेली नळी सैल होते. व्रण धरलेली होत नाही.

मला लगेच समजलं. माझ्या मनगटावर उकळतं दूध सांडल्याची खूण आहे, तिथली कातडी अशीच ओढलेली. मी विचारलं, मग हे सगळ्याच मुलांना का होत नाही? माझ्या मनात मंदार होता, चार दिवसांत उठून क्रिकेट खेळायला गेलेला. बाई म्हणाल्या, प्रत्येक शरीराची लढण्याची तऱ्हा वेगळी. काहींची कमी पडते, काहींची नको इतकी होते. हिची नको इतकी झाली. म्हणून आता औषध जंतूवर नाही, तिच्या स्वतःच्याच शरीराला शांत करायचं. स्टेरॉइड द्यावं लागेल, जपून, बरेच महिने.

मग त्यांनी पेन उचललं आणि सहज विचारलं, त्या आजारपणाच्या आधी पंधरा दिवसांत आसपास कोणी आजारी होतं का? ताप, घसा, लाल डोळे? आणि माझ्याकडे वळून: तुमच्या पाळणाघरात?

"नाही," मी म्हटलं.

एक शब्द. आणि वर पुस्ती जोडली, मी दारातच हात लावून बघते. सिल्विया लगेच माझ्या बाजूने बोलली. "ताई खूप स्ट्रिक्ट आहेत, डॉक्टर. जरा गरम लागलं तरी परत पाठवतात. मलाच पाठवलं होतं." मग म्हणाली, "माझी आई खोकत होती. त्याच वीकेंडला आम्ही तिच्याकडे होतो."

बाईंनी काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, कोणाकडून आलं हे आता सांगता येत नाही, कुठूनही येतं. त्याने उपचारही बदलत नाहीत. फक्त यापुढे सर्दी-खोकल्याच्या माणसांपासून हिला लांब ठेवा, नवीन जंतू आला तर सगळं पुन्हा पेटेल.

उपचार बदलत नाहीत — हे वाक्य मी किती वर्षं उराशी धरून ठेवलं! माझ्या खोटेपणाने पोरीचं काही नुकसान झालं नाही, असं त्याच्यावरून मी स्वतःला पटवायची. पोरीचं नाही झालं, मान्य. घरी येताना टॅक्सीतूनच सिल्वियाने उत्तनला फोन लावला. ती ओरडली नाही, रडत होती. "आई, तू आता येऊ नको हा. तुझा खोकला... नको येऊ." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मी काचेबाहेर बघत होते. तेव्हा बोलता आलं असतं. टॅक्सीत आम्ही दोघीच होतो, रस्ता दोन तासांचा होता.

पुढची वर्षं मी जेनूचं सगळं केलं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, घडलं म्हणून सांगते. वाफेच्या औषधाचा मास्क तिला नको असायचा. तो हत्तीची सोंड आहे, असं ठरवून मी बेडरूमभर तिच्यामागे हत्तीण होऊन फिरायची. पोकळ तळव्याने पाठ थोपटायची, कफ सुटायला, रोज दोनदा. तिला वाटायचं तबला वाजवतेय, मान हलवून दाद द्यायची. स्टेरॉइडने गाल टरारून फुगले, आणि इमारतीतल्या बायका कौतुकाने म्हणायच्या, अगबाई, काय बाळसं धरलंय! सिल्विया आणि मी एकमेकींकडे बघायचो आणि हसायचो. एकदा हसता हसता सिल्विया माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "ताई, तुम्ही नसता तर," म्हणाली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले.

एक ताट मी बंद केलं होतं. प्रत्येक मुलाला वेगळी वाटी, वेगळा चमचा. आयांना वाटलं, जेनूच्या आजारपणामुळे ताईंनी किती काळजी घेतली! मुलं पहिल्यासारखी जेवेनात. ते साहजिक होतं.

जेनू हळूहळू सुधारली. फुफ्फुस पूर्ण बरं झालं नाही, होणारही नव्हतं, पण पोर वाढते तसा चांगला भागही वाढतो म्हणतात. चार वर्षांची झाली तेव्हा दोन जिने न थांबता चढायला लागली. सिल्वियाचीही भीती ओसरली. तिने स्वतः जाऊन आईला सांगितलं, ये आता. आणि आजी यायला लागल्या — पण त्या आजी वेगळ्या होत्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायच्या, तोंडावर लुगड्याचा पदर. जेनू धावत गेली की दोन्ही हात पुढे करून तिला थांबवायच्या. "लांब, बाला, लांब. माजा खोकला वाईट हाय." त्या काळातला एक फोटो सिल्वियाकडे आहे, उत्तनच्या घरासमोरचा. सगळे दाटीवाटीने उभे आणि आजी दोन पावलं बाजूला, पदर धरून.

एकदा मी ठरवून उत्तनला गेले. सांगायचंच म्हणून. आजींनी मला पाटावर बसवलं, भाकरी आणि ताज्या माशांचं कालवण वाढलं, आणि मी पहिला घास घ्यायच्या आत म्हणाल्या, "तू हायस म्हनून आमची पोर जगली गो." मी जेवले. दोनदा कालवण मागून घेतलं. मग शेवटच्या आधीची बस धरून परत आले.

जेनू सहा वर्षांची असताना आजी गेल्या. झोपेत. चर्चमध्ये सिल्विया माझा हात घट्ट धरून बसली होती. सारखी एकच गोष्ट बोलत होती, मी तिला सांगितलं होतं आता चालेल, किती वेळा सांगितलं होतं, पण शेवटपर्यंत तिने जेनूला जवळ घेतलं नाही, तिच्या मनातून गेलंच नाही. त्या अख्ख्या चर्चमध्ये ते मनात कसं आलं हे माहीत असलेली एकच बाई होती. तिने सिल्वियाला रुमाल दिला.

मंदार आता नोकरी करतो. जेनू कॉलेजात आहे. वर्षातून दोनदा छाती भरते, पण बेताने सांभाळते, आणि अजून मला माची म्हणते. घासाचं मी कोणाला सांगितलं नाही, तसं 'नाही' म्हटल्याचंही. पण मला खरं सांगायचं होतं ते हेही नाही. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतेय. एक शुक्रवार राहिलाय.

आजींना येऊ नको सांगितल्याला दोनेक महिने झाले होते. दुपारी बेल वाजली. लाकडी दार उघडलं, बाहेरचं जाळीचं दार बंदच होतं. त्याच्या पलीकडे आजी. अंगावर सणाचं लुगडं, पिशवी नाही. सिल्वियाला न सांगता आल्या होत्या. जिना चढून धाप लागलेली, पण खोकला दाबून धरलेला, इतका की डोळ्यांत पाणी आलं होतं. आत जेनू मला हाक मारत होती. तो आवाज त्यांनी ऐकला.

मला म्हणाल्या, "साबनानं हात धुऊन आलंय. दोनदा." आणि दोन्ही तळवे जाळीसमोर धरून दाखवले, उलटे, सुलटे, मुलं दाखवतात तसे. मग एक पाऊल पुढे आल्या, चष्मा काढला, आणि कपाळ जाळीला टेकवलं. "बघ गो बाय. ताप न्हाय ना?"

खेळ नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. पाच मिनिटं, फक्त पोरीच्या पायांना हात लावीन, असंही म्हणाल्या.

मी जाळीच्या गजांमधून हात घातला. पालथा. त्यांच्या कपाळाला लावला आणि बराच वेळ ठेवला.

कपाळ गार होतं.

कडी माझ्या डाव्या हाताशी होती. "सिल्विया रागावेल, आजी," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, चष्मा लावला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या. मी दार लावून घेतलं.